अनुभव धागा: सीमेवरचं गाव, तिथले कागद आणि तिथलं मत

आमचं गाव चंदगड तालुक्यात. बाजार बेळगावचा, मोठा दवाखाना बेळगावचा, लग्नाचा बस्ता बेळगावचा, सातबारा मात्र चंदगडचा. 1956 पर्यंत आमचा तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. त्यामुळे पणजोबांच्या वेळचा एखादा कागद हवा असला की बाबा अजून "बेळगावला बघून येतो" म्हणून निघतात आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येतात.

सीमाप्रश्नावर आतापर्यंत भरपूर लिहून झालंय. महाजन अहवाल, 2004 चा सुप्रीम कोर्टातला दावा, ते पुन्हा नको. मला ऐकायचंय ते कचेरीच्या खिडकीवरचं. दाखला कसा मिळाला, यादीत नाव कुठे सापडलं, ग्रामसभेत काय झालं. अधिकाऱ्यांची नावं टाळा, आणि गाव नक्की कुणाचं यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

पहाडावरचा

मी जिवती तालुक्यातला, परमडोलीच्या बाजूचा. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात त्या चौदा गावांचं पेपरात वाचलं असेलच. आमची माणसं मूळची मराठवाड्यातली, बहात्तरच्या दुष्काळात पहाडावर आलेली. गोंड आणि कोलाम आमच्या कितीतरी आधीचे. गावाला दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच, जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि थोड्याच अंतरावर तेलुगू शाळा. महाराष्ट्रात आम्ही राजुरा विधानसभेत, तेलंगणात आसिफाबादेत. तिकडचं मंडल केरामेरी.

बाहेरच्या माणसाला वाटतं यांची चंगळ आहे. दोन रेशन, दोन पेन्शन, दोन मतं. होतंही तसं, पण कागदाच्या कार्डांच्या काळात. आधार आलं आणि ते एकच निघतं. त्यावर पत्ता एकच. त्यामुळं घरोघरी वाटणी झालीय. माझ्या आईबापाचा पत्ता तेलंगणाचा, कारण तिकडं म्हातारपणाची पेन्शन 2,016 रुपये आणि आपल्याकडं निराधारचे 1,500. बायकोचा पत्ता महाराष्ट्राचा, लाडकी बहीणचा फॉर्म त्याच्यावर भरला. आता आसिफाबादला दोघी बाजाराला निघाल्या की तेलंगणाच्या बसमध्ये तिकडच्या बायकांना प्रवास फुकट, म्हणून कंडक्टर आधार बघतो. आईला शून्याचं तिकीट, बायकोला पूर्ण. एकाच सीटवर. आई वर तिलाच म्हणते, तुझं तिकीट लई महाग.

पलीकडच्या तांड्यावर तर आणखी घोळ. लंबाडा तेलंगणात अनुसूचित जमातीत आहेत आणि महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत. पोराला कोणत्या शाळेत घालायचं हे ठरवताना बाप जातीच्या दाखल्याचाही हिशोब करतो.

आणि इतके कागद असून जमिनीचा एकही नाही. जमीन वनखात्याच्या नावावर. वनहक्क कायद्यात आदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवला तरी चालतं, बिगर आदिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा लागतो. बहात्तर साली आलेल्यानं तो कुठून आणायचा? सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला, कापूस घालायचा तर सातबाऱ्यावर पेरा लागतो, तो नाही म्हणून कापूस व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावानं.

आता मताचं. 2019 च्या लोकसभेला दोन्हीकडं एकाच दिवशी, 11 एप्रिलला मतदान होतं. 2024 ला चंद्रपूरचं 19 एप्रिलला आणि आदिलाबादचं 13 मेला. एकदाच मत द्या, दोनदा देणं गुन्हा आहे, हे अधिकारी येऊन सांगून गेले. त्यांचं खरंच आहे. पण आमच्याकडं मत कुणाला हा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न यादीत नाव राहिलं का हा. जमिनीचा कागद नाही, तेव्हा आपण इथंच राहतो याचा सरकारी पुरावा म्हणजे मतदार यादीतली ती एक ओळ. एकीकडची ओळ काढून टाका म्हणणाऱ्याला आमचा म्हातारा विचारतो, आणि उद्या दुसरीकडच्यांनी उठवलं तर?

आंध्रानं (तेव्हा तेलंगणा वेगळं नव्हतं) या गावांबद्दलची सुप्रीम कोर्टातली याचिका 1997 लाच मागं घेतली होती. त्यानंतर थेट जुलै 2025 ला आपल्या महसूलमंत्र्यांनी चौदाही गावं महाराष्ट्रात घेणार असं जाहीर केलं. आमच्या पारावर पहिला प्रश्न आला तो बापाकडून: मग पेन्शन?

निवृत्त केंद्राध्यक्ष

वरचं वाचून राहवलं नाही. 11 एप्रिल 2019 ला मी याच पहाडावर केंद्राध्यक्ष होतो. आदल्या दिवशी साहित्य घेऊन पोचलो, शाळेच्या वर्गात झोपलो, पहाटे मॉक पोल. सकाळी सगळं सुरळीत.

दुपारनंतर शाई लागलेली बोटं यायला लागली. नियम स्वच्छ आहे: मतदान अधिकाऱ्याने डाव्या हाताची तर्जनी बघायची, खूण असेल तर मत देऊ द्यायचं नाही. एक आजी आल्या, बोट पदरात गुंडाळलेलं. दाखवा म्हटलं तर निवांत दाखवलं. शाई अजून ओली होती. मी म्हटलं, आजी, तुमचं मत झालंय. त्या म्हणाल्या, "ते तिकडचं हाय बाबा, हे इकडचं राह्यलंय." त्यात लपवाछपवी काहीच नव्हती, दोन घरच्या लग्नांना हजेरी लावल्यासारखा सूर. परत पाठवलं. रागावल्या. बाहेर बसून राहिल्या, चहा मात्र आमच्याच पथकाबरोबर घेतला.

कुणाला वाटेल पोलिंग एजंट काय करत होते. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर एजंटाला दोन रुपये भरावे लागतात. दोन रुपये कुणालाही जड नाहीत, पण समोरची बाई ती स्वतःच आहे, यादीत नाव आहे, कार्ड आहे. ओळख खरीच. आक्षेप कशावर घेणार? 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव नको. 1951 चा म्हणतो, दोन्हीकडे मत दिलं तर दोन्ही रद्द. वाचायला छान. यंत्रात गेलेल्या गुप्त मतांमधलं नेमकं कोणतं रद्द करायचं, हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

खानापूरकर

आमच्याकडे राज्य एकच, कर्नाटक, त्यामुळे दोन कार्डांची भानगड नाही. आमचा त्रास अक्षरांचा.

आमच्या ग्रामपंचायतीत सरपंच नसतो. सदस्य निवडून येतात, ते अध्यक्ष निवडतात, आणि कागदाचा सगळा कारभार पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या हातात. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर नसते, तरी कोण महाराष्ट्र एकीकरण समितीचा, कोण राष्ट्रीय पक्षाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. ग्रामसभा मराठीत होते. गटार, पाणंद, नरेगाची मजुरी, सगळी भांडणं शुद्ध मराठीत. इतिवृत्त कन्नडमध्ये. खाली सह्या परत मराठीत. आपण जे बोललो तेच लिहिलंय का, हे कन्नड शाळेत शिकलेल्या एखाद्या पोराला मोबाईलवर फोटो पाठवून विचारायचं. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथे परिपत्रकं, सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे मागणीच्या प्रत्येक निवेदनात आमचे लोक लिहितात. निवेदनावर पोच मिळते. शिक्का कन्नड.

भावाचं नाव ज्ञानेश्वर. शाळेच्या दाखल्यावर मराठीतून इंग्रजी केलं, ते डी-एन-वाय असं सुरू होतं. शेतीच्या उताऱ्यावरचं नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं, ते जे-एन असं सुरू झालं. मतदार यादीत तिसरंच, जी-एन. वडील वारल्यावर वारसा लावायला गेला तर संगणक तिघांना तीन माणसं समजतो. नाडकचेरीतल्या, म्हणजे महसूल कचेरीतल्या, बाई चांगल्या होत्या, खोटं का बोला. त्यांनी स्वतःहून सांगितलं की तिन्ही नावांचा माणूस एकच म्हणून प्रतिज्ञापत्र करा, स्टॅम्प अमुकचा लावा. प्रतिज्ञापत्र लिहून देणाऱ्या वकिलाने त्यात चौथं स्पेलिंग घातलं.

माहेरवाशीण

माझं माहेर महाराष्ट्रातलं दोडामार्ग, सासर गोव्यातलं डिचोली. मधे फक्त एक चेकनाका. लग्नाआधी मला वाटायचं, नाव बदलायचं एवढंच काम.

गोव्यात पंचायतीचे वॉर्ड इतके छोटे की एकेक मत मोजून ठेवलेलं असतं. पंच निवडायचे, मग ते सरपंच ठरवतात. 2022 च्या 10 ऑगस्टला मतदान होतं. त्याच्या कितीतरी आधी, माझ्या लग्नाच्या आहेरातच एका इच्छुकाने सहा नंबरचा फॉर्म ठेवला होता, यादीत नाव नोंदवायचा, माझं नाव सोडून सगळं भरून. नवऱ्याने फोटोही चिकटवून टाकला. सासूबाई म्हणाल्या, नारळ तरी द्यायचा बरोबर.

मत लगेच गोव्याचं झालं. मी गोव्याची व्हायला मात्र वेळ आहे. सरकारी नोकरीच्या अर्जाला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. आमच्या लग्नाला तेवढी वर्षं झालेली नाहीत, आणि दोडामार्गात वाढलेलं त्यात धरत नाहीत. दाखल्याच्या खिडकीवर मी मतदार कार्ड पुढे केलं तर तिथला माणूस हसला.

नोव्हेंबर 2025 मध्ये मतदार याद्यांची पडताळणी सुरू झाली. यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ ताई घरी आल्या, 2002 च्या यादीत नाव दाखवा म्हणाल्या. मी तेव्हा शाळेत. मग आईवडिलांचं चालेल, ते कुठल्या राज्यात होते? म्हणजे पुन्हा माहेर. बाबांना फोन, बाबांचा ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरला फोन, आणि जुन्या यादीतल्या पानाचा वाकडा फोटो व्हॉट्सअॅपवर. बाबांचं नाव बरोबर, आजोबांचं चुकलेलं, वय भलतंच. ताईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, चालतलें.

जाता जाता: सासरच्या जमिनीचा कागद एक-चौदाचा, माहेरचा सातबारा. बाबा अजून मला फोनवर विचारतात, तुमचा सातबारा झाला का नावावर. मी हो म्हणते.

जतचा

थोडक्यात लिहितो. 2022 ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी आमच्या चाळीस गावांच्या जुन्या ठरावाचा दाखला दिला आणि दुसऱ्या दिवशी चावडीपुढे टीव्हीच्या गाड्या. ठराव 2012 चा, पाण्यासाठी केलेला. पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जातो, अशी ती धमकी होती आणि धमकी म्हणूनच सगळ्यांनी हात वर केले होते. दहा वर्षं त्या ठरावाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. पत्रकार यायला लागल्यावर नक्कल मागणाऱ्यांची रांग लागली. आमच्या अण्णांनी कॅमेऱ्यापुढे सांगितलं, जायचं कुठं नाही, म्हैसाळचं पाणी आणा. टीव्हीवर पहिलं अर्धं वाक्य कापलं.

धागाकर्ती

@पहाडावरचा, दादा, एक राहिलं. तुमची मुलं कोणत्या शाळेत?

पहाडावरचा

थोरली मराठी, धाकटा तेलुगू. मुद्दाम घातलं. शेवटी कोणती बाजू लागेल ठाऊक नाही, घरात दोन्ही वाचणारं कुणीतरी पाहिजे. केरामेरीहून काही नोटीस आली की धाकटाच वाचून दाखवतो. चौथीत आहे, अवघड शब्द आला की गाळतो, मग आम्ही दोन्ही सरपंचांना विचारून येतो.