इकितोस स्वस्त आहे, पण...

पेरू देशात, अ‍ॅमेझॉनच्या जंगलात इकितोस नावाचं शहर आहे. "तिथे स्वस्तात राहता येईल" असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. मासे, केळी स्वस्त, कबूल. पण पेरूच्या उरलेल्या भागातून इथे रस्ताच येत नाही. आहे तो नाउता या गावापर्यंत, साधारण १०० किमी, आणि तिथेच संपतो. बाकी सगळं बोटीनं नाहीतर विमानानं, त्यामुळे बाहेरची वस्तू घेताना खिसा चाचपावा लागतो.

दमटपणा तर विचारू नका. माझी कोल्हापुरी दुसऱ्याच महिन्यात बुरशीनं हिरवी! शिवाय मोटोटॅक्सींचा, म्हणजे तीनचाकी रिक्षांचा, दिवसभर फटफटाट.

तरी २४ जूनला, सान हुआनच्या सणाला, या. बिहाओच्या पानात बांधून उकडलेला भात, आत कोंबडी, अंडं: हुआने. पान सोडताना वाफ आली की मला हमखास पातोळ्या आठवतात.