कृष्णधवल पडदा: बडोदेकरांचे अनुभव

आवाहन

दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले, ही गोष्ट आपण बडोदेकर पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पण फाळक्यांनी ज्या कृष्णधवल माध्यमात काम केले त्याविषयी आपल्याला नेमके काय वाटते, हे मात्र क्वचितच बोलतो. रंगीत चित्रपट सतत समोर असतानाही कृष्णधवल चित्रपट पाहावासा का वाटतो, किंवा का वाटत नाही, हे प्रत्येकाने स्वतःच्या पाहण्यातून लिहावे. 'जुने ते सोने' एवढेच म्हणायचे असेल तर सोबत एखादे दृश्य तरी द्यावे. ज्यांना हे सारे कौतुक अतिरेकी वाटते, त्यांनी तर अवश्य लिहावे.

रावपुरा, निवृत्त छायाचित्रकार

माझा स्टुडिओ होता आणि उमेदीची वर्षे कृष्णधवल छायाचित्रे काढण्यात गेली, त्यामुळे माझे उत्तर कारागिराचे आहे. गुजराती वधूचे पांढरे-तांबडे पानेतर कृष्णधवल फोटोत सुरेख उठून दिसे, कारण पांढऱ्या आणि तांबड्याच्या उजळपणातच मोठे अंतर असते. आपल्याकडची वधू हिरवा शालू नेसून गडद तांबड्या पडद्यासमोर उभी राहिली, की शालू आणि पडदा एकाच राखाडी छटेत मिसळत आणि खांदा कुठे संपतो ते कळेनासे होई. अशा वेळी मागून एक दिवा लावून खांद्यावर आणि केसांवर उजेडाची कड आणावी लागे. पुढे रंगीत फिल्म आली, हिरवे हिरवे आणि तांबडे तांबडे दिसू लागले, आणि ती कड लावण्याची निकड संपली. समोरून सपाट उजेड टाकला तरी गिऱ्हाईक खूश होत असे.

कृष्णधवल चित्रपटात मला जे आवडते ते हेच, की तिथे माणसाला भिंतीपासून वेगळे काढण्याचे कामही उजेडालाच करावे लागते. 'कागज के फूल' (1959) मध्ये ओसाड स्टुडिओत वरून उतरणारा उजेडाचा तो रुंद झोत सर्वांना आठवत असेल. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी त्यासाठी बाहेरचे ऊन आरशांवरून परतवून आत आणले होते. त्या दृश्यात रंग असते तर नजर आधी कपड्यांवर गेली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. याच्या अगदी उलट रीत सुब्रत मित्र यांची. 'अपराजितो' (1956) साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते, तेव्हा त्यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा उजेड त्यावर टाकून खाली परतवला, म्हणून त्या अंगणात कुठेही स्टुडिओच्या दिव्यांची कठोर सावली दिसत नाही. एका ठिकाणी ऊन झोतासारखे धारदार आणि दुसऱ्या ठिकाणी आभाळातून झिरपल्यासारखे मऊ, असे दोन टोकांचे उजेड केवळ राखाडी छटांतून उभे राहिले आहेत.

दांडिया बाजार, निवृत्त शिक्षिका

दूरदर्शन 1982 मध्ये रंगीत झाले, आमच्या घरचा संच मात्र पुढे बरीच वर्षे कृष्णधवलच राहिला, आणि त्यामुळे मला एक तुलना आयतीच करायला मिळाली. 'झनक झनक पायल बाजे' (1955) हा टेक्निकलरमध्ये काढलेला चित्रपट मी प्रथम त्या संचावर पाहिला. नृत्य उत्तम होते, परंतु वेशभूषा, पडदे आणि खांब हे सगळे एकाच करड्या रंगाचे झाले होते आणि डोळ्यांना धरण्यासारखे काही सापडत नव्हते. त्याच संचावर 'श्यामची आई' (1953) पाहताना मात्र कशाचीही उणीव जाणवली नाही. वनमालाबाईंच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि करारीपणा दोन्ही स्पष्ट दिसत होते. रंग काढून घेतलेला रंगीत चित्रपट आणि मुळातच कृष्णधवल म्हणून काढलेला चित्रपट या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे मला तेव्हापासून पटलेले आहे.

ललित कला शाखेची विद्यार्थिनी

माझा क्रम उलटा झाला. 'मुघल-ए-आझम' मी लहानपणी पाहिला तो 2004 मध्ये प्रदर्शित झालेल्या संपूर्ण रंगीत आवृत्तीत, आणि 1960 ची मूळ आवृत्ती पुष्कळ नंतर पाहिली. मूळ चित्रपट बहुतांश कृष्णधवल आहे. शीशमहालातले गाणे आणि शेवटाकडचा भाग एवढेच त्यात रंगीत आहे. इतका वेळ राखाडी छटांत वावरल्यानंतर ज्या क्षणी शीशमहाल रंगांत उघडतो, त्या क्षणी अनारकलीचे धाडस आणि दरबाराचा थरकाप यांना एकदम वेगळीच धार चढते. सगळाच चित्रपट रंगवल्यावर ते गाणे इतर गाण्यांच्या रांगेत जाऊन बसते. शिवाय सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो त्या प्रसंगात मूळ चित्रात गालापासून हनुवटीपर्यंत उजेड किती पायऱ्यांनी उतरतो ते पाहावे. रंगवलेल्या आवृत्तीत त्या पायऱ्या मला एकसारख्या पावडरीखाली दडल्यासारख्या वाटल्या. लक्ष्मी विलास राजवाड्यात रविवर्म्याची चित्रे पाहणाऱ्या माणसाला रंगांचे वावडे असण्याचे कारण नाही. माझा आक्षेप रंगांवर नसून ते मागाहून फासण्यावर आहे.

मांजलपूर, रंगद्रव्यांच्या कारखान्यातील रसायनतज्ज्ञ

मला हे कौतुक थोडे जास्त वाटते, म्हणून लिहितो. साठच्या दशकातही आपल्याकडे इतके चित्रपट कृष्णधवल निघाले याचे मोठे कारण सौंदर्यदृष्टी नसून पैसा हे होते. रंगीत कच्ची फिल्म परदेशातून येई आणि परकीय चलनाची टंचाई होती. त्या काळातले सुमार चित्रपट आपण विसरलो आहोत आणि निवडक चांगल्या चित्रपटांशी आजच्या सरासरी रंगीत चित्रपटाची तुलना करतो, हे न्याय्य नाही.

दुसरे असे, की जुन्या रंगीत चित्रपटांविषयीची आपली नापसंती पुष्कळदा प्रिंटविषयीची असते. कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा धातुरूप चांदीची असते आणि नीट धुऊन साठवली तर ती दीर्घकाळ टिकते. ईस्टमनकलरसारख्या फिल्मवर मात्र सेंद्रिय रंगद्रव्यांचे तीन थर असतात; त्यांतला निळसर थर बहुधा आधी विटतो आणि उरते ते गुलाबी चित्र. अशा प्रिंटवरून रंगीत छायालेखनाला जोखणे म्हणजे उन्हात विटलेल्या साडीवरून विणकराला जोखण्यासारखे आहे. मूळ निगेटिव्हवरून नीट दुरुस्त केलेला रंगीत चित्रपट आधी पाहावा आणि मग बोलावे. छायाचित्रकार काकांचा उजेडाचा मुद्दा मला मान्य आहे, मात्र चांगला रंगीत छायालेखकही तेवढीच मेहनत घेतो.

(आवाहनकर्त्याकडून मध्येच एक भर: रंगांची ओढ आपल्याकडे फार जुनी आहे. प्रभातने 'सैरंध्री' (1933) रंगीत करण्यासाठी थेट जर्मनीत प्रक्रियेला पाठवला होता, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढच्याच वर्षी शांतारामबापूंनी कृष्णधवल 'अमृतमंथन' काढला आणि त्यात राजगुरूच्या डोळ्याचे पडदाभर जवळून चित्रण केले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना दोन्ही प्रयत्नांतला यशस्वी कोणता हे सांगायला नको.)

अलकापुरी, लग्नाची चित्रफीत काढणारा

हल्ली गिऱ्हाइके चित्रफितीत 'थोडा ब्लॅक अँड व्हाइट भाग' हमखास मागतात. संगणकावर एका कळीसरशी रंग निघून जातो, परंतु पिवळी हळद, केशरी झेंडू आणि गव्हाळ चेहरा हे सगळे एकाच राखाडी पट्ट्यात येऊन बसतात. बाईंनी त्यांच्या दूरदर्शन संचाविषयी जे लिहिले आहे, तेच मी रोज पाहतो. त्यामुळे असा भाग हवा असेल तर मी चित्रीकरणाच्या वेळीच कॅमेऱ्याचा पडदा कृष्णधवल करून ठेवतो, वधूला खिडकीच्या बाजूला बसवतो आणि मंडपवाल्याला मागचे झेंडूचे तोरण काढायला सांगतो. यावर मंडपवाला आणि वधूची मावशी दोघेही नाराज होतात. रावपुऱ्यातल्या काकांनी मागून दिवा लावण्याविषयी लिहिले आहे, तो किती उंचीवर आणि किती तिरका ठेवत असत हे त्यांनी सविस्तर लिहिले, तर येत्या लग्नसराईत मला उपयोग होईल.