प्रेसचा गार्ड काढलेल्या कामगाराला भरपाई मिळावी का?

धागाकर्ता: भोसरी-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या यंत्रावर, बोटे तुटणे थांबलेले नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नव्हती. मात्र कामगाराने सुरक्षा-साधन (प्रेसवर हात आत जाऊ न देणारा गार्ड) जाणूनबुजून काढले असेल, तर मृत्यू व कायमचे पूर्ण अपंगत्व वगळता मालक सुटत असे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा अपवाद कायम आहे. तो रद्द व्हावा, असे माझे ठाम मत आहे. वय २५, पगार १५,००० रुपये आणि एका हाताची दोन बोटे गेली, म्हणजे २० टक्के अपंगत्व, तर जुन्या कायद्याच्या सूत्राने सुमारे ३ लाख ९० हजार रुपये होतात. अपवाद लागला की एक रुपयाही नाही.

लघुउद्योजक: असहमत. गार्ड मी स्वखर्चाने बसवतो, प्रशिक्षण देतो, सही घेतो. पीसरेटवरचा, म्हणजे नगामागे मजुरी मिळणारा, कामगार चार नग जास्त काढण्यासाठी तो काढून ठेवतो. त्याचा भार माझ्यावर का? अपवाद गेला, तर शिस्तीला आधार काय उरेल?

कामगार वकील: जे नग वाढतात, ते कोणाचे? हात साच्याबाहेर राहावेत म्हणून अनेक प्रेसना दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणे असतात, आणि अनेक शॉपमध्ये त्यांतले एक लोखंडी पट्टी खोचून कायमचे दाबून ठेवलेले दिसते. हे सुपरवायझरला दिसत नाही, असे मी मानायला तयार नाही. शिवाय ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) १९४८ च्या कायद्याने याचे उत्तर केव्हाच दिले होते: नियम मोडून केलेली कृतीही मालकाच्या कामासाठी असेल, तर इजा कामावरचीच धरली जाई. मग ईएसआयबाहेरच्या कामगाराला वेगळा न्याय कशासाठी?

लघुउद्योजक: ईएसआयसाठी मी पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो, तिथे जोखीम महामंडळाची असते. थेट भरपाईत ती एका दुकानदाराएवढ्या कारखान्यावर येते. पट्टी सुपरवायझरने खोचली असेल, तर ‘जाणूनबुजून’ हा शब्दच लागू होत नाही. ते आजही सिद्ध करता येते.

कामगार वकील: जाणूनबुजून काढल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, हे खरे, पण बोटे गमावलेला कंत्राटी कामगार सहकाऱ्यांची साक्ष कुठून आणणार? ते त्याच शॉपमध्ये नोकरीला असतात. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, आणि तोवर बहुतेक जण गावी परतलेले असतात.

धागाकर्ता: निदान पीसरेटवर काम देणाऱ्या मालकाला तरी या अपवादाचा आधार मिळू नये, एवढ्यावर आपण दोघे सहमत होऊ शकाल का?

लघुउद्योजक: गार्ड काढल्यावर मशीनच चालू होऊ नये, असे इंटरलॉक सक्तीचे करा आणि त्याला अनुदान द्या, मग मी मान्य करीन.