डीसीई-एमआरआयमध्ये रक्तातील कॉन्ट्रास्टची पातळी कशी मोजावी?

प्रश्न : संशोधन विद्यार्थिनी, पणजी

नमस्कार. प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांचे हार्मोन उपचारांपूर्वीचे आणि नंतरचे डीसीई-एमआरआय (कॉन्ट्रास्ट देऊन एकामागोमाग प्रतिमा घेणारे एमआरआय) मी तपासत आहे. गाठीतील के-ट्रान्स (रक्तातून ऊतीत कॉन्ट्रास्ट झिरपण्याचा दर) काढण्यासाठी रक्तातील गॅडोलिनियमची (कॉन्ट्रास्टमधील धातूची) पातळी क्षणाक्षणाला माहीत असावी लागते, म्हणून मी ओटीपोटातील इलियॅक धमनीवर आरओआय (मोजणीसाठी निवडलेला भाग) ठेवून पातळीचा आलेख काढते. परंतु एकाच रुग्णात वरच्या स्लाइसमधील शिखर खालच्या स्लाइसच्या मानाने जेमतेम निम्मे भरते. कोणता आलेख ग्राह्य धरावा? की मोजणी सोडून संशोधक पार्कर यांचा २००६ सालचा, अनेक रुग्णांवरून काढलेला सरासरी आलेखच वापरावा?

उत्तर : वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, मडगाव

वरच्या स्लाइसवर विसंबू नये. या धमनीतले रक्त वरून खाली वाहते. स्लॅबमध्ये (स्कॅन होणाऱ्या पट्ट्यात) नुकत्याच शिरलेल्या रक्ताला पुरेसे आरएफ पल्स (यंत्राचे रेडिओलहरींचे ठोके) मिळालेले नसतात, त्यामुळे कॉन्ट्रास्ट पोहोचण्याआधीच ते उजळ दिसते आणि पायाच उंचावल्याने पुढची वाढ तोकडी भासून पातळी कमी निघते. आरओआय स्लॅबच्या खालच्या भागात घ्यावा, मात्र अगदी कडेच्या स्लाइस टाळाव्यात, कारण तेथे फ्लिप अँगल (पल्समुळे चुंबकत्व वळण्याचा कोन) नेमका राहत नाही. तरीही शिखर सपाट दिसले, तर टी-टू-स्टारचा परिणाम (दाट कॉन्ट्रास्टमुळे सिग्नल झपाट्याने विरणे) तपासावा. टीई (पल्सपासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) शक्य तितका कमी ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

मला खरी काळजी वाटते ती हिमॅटोक्रिटची (रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाची). गॅडोलिनियम तांबड्या पेशींत शिरत नाही, रक्तात ते प्लाझ्मातच (द्रव भागातच) राहते. म्हणून रक्तातील पातळीला (१ − हिमॅटोक्रिट) ने भागावे लागते. बहुतेक जण ०.४२ हा ठोकळ आकडा घालून मोकळे होतात. परंतु हार्मोन उपचारांनी रक्तक्षय होतो, हे आपण जाणताच. समजा, दुसऱ्या स्कॅनच्या वेळी हिमॅटोक्रिट ०.३४ वर आला आणि आपण ०.४२ च ठेवला, तर ०.६६ ऐवजी ०.५८ ने भागल्यामुळे प्लाझ्मातील पातळी सुमारे १४ टक्के जास्त आणि के-ट्रान्स सुमारे १२ टक्के कमी येईल. गाठीत काहीही बदललेले नसताना औषध लागू पडल्यासारखे दिसेल, आणि रुग्णाच्या दृष्टीने ही चूक लहान नाही. स्कॅनच्या दिवशीचाच सीबीसी (रक्तपेशींच्या तपासणीचा अहवाल) मागवावा.

पार्कर यांचा आलेख कर्करोगाच्याच रुग्णांवरून काढलेला आहे, त्यामुळे पडताळ्यासाठी तो उत्तम. मोजलेला आलेख भरवशाचा नसेल तर तो जरूर वापरावा. मात्र एका रुग्णाच्या दोन्ही स्कॅनना एकच पद्धत लावावी.

उत्तर : एमआरआय तंत्रज्ञ, म्हापसे

वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो. सरासरी आलेख ठरावीक डोस आणि ठरावीक वेग गृहीत धरतो. आम्ही पंपाने किलोमागे ०.१ मिलिमोल, सेकंदाला ३ मिलि या वेगाने देतो आणि मागोमाग २० मिलि सलाइन सोडतो. पण केमो झालेल्या रुग्णांच्या शिरा इतक्या कडक झालेल्या असतात की कोपराजवळ शीर सापडत नाही. मग तळहाताच्या मागे बारीक कॅन्युला (शिरेत घालायची नळी) बसवून वेग उतरवावा लागतो, आणि शिखर बुटके व पसरट होते. अशा रुग्णाला सरासरी आलेख लावणे योग्य नाही. शीर, कॅन्युलाचा गेज (जाडी) आणि प्रत्यक्ष वेग यांची नोंद स्कॅनच्या कागदावर असते. ती आपल्या तंत्रज्ञांकडून मागून घ्यावी.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खालच्या स्लाइसवरून आलेख पुन्हा काढते. जुन्या रुग्णांचे त्या दिवशीचे सीबीसी नसतील, तर किती दिवसांच्या फरकाचा अहवाल चालेल?

मडगाव

त्या काळात रक्त चढवलेले नसेल आणि उपचार बदललेले नसतील, तर एका आठवड्याच्या आतला मी स्वीकारतो. त्याहून जुना असेल, तर त्या रुग्णाचे के-ट्रान्स वेगळ्या रकान्यात ठेवावे.