युरेनियमचा काळाबाजार : खरी भीती कुठली?

कुपवाडचा भंगारवाला
मे 2021 मध्ये एटीएसनं, म्हणजे दहशतवादविरोधी पथकानं, 7.1 किलो नैसर्गिक युरेनियम पकडलं, किंमत 21 कोटींच्या घरात सांगितली. तेव्हापासून विषय निघाला की आमच्याकडं अणुबॉम्बच्याच गप्पा. अहो, नैसर्गिक युरेनियमात बॉम्बच्या कामाचं युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के! मला भीती भंगाराची वाटते. 2010 मध्ये दिल्लीच्या विद्यापीठानं 1985 पासून पडून असलेलं यंत्र लिलावात काढलं. आत किरणोत्सारी कोबाल्ट-60. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं, एकानं तर तुकडा पाकिटात घालून फिरवला. एक माणूस गेला. यात दहशतवादी कुठं होता?

कृष्णाकाठची
दादा, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. जे चुकून भंगारात येतं ते मुद्दाम उचलणाऱ्याला अवघड का जाईल? 1995 मध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या बागेत किरणोत्सारी सीझियम-137 ठेवलं आणि टीव्हीवाल्यांना जागा सांगितली. स्फोट केला नाही, तरी जगाला धडकी भरली. असं काही मिरजेच्या स्टेशनवर झालं तर किरणांपेक्षा चेंगराचेंगरीतच माणसं जातील. बंदोबस्त हवाच, आणि कडक हवा.

साताऱ्याचा शेतकरी
ताई, तुमची काळजी खरी, पण आपल्या भागात या बाजाराचा मार बसतो तो फसवणुकीतून. माझ्या मामांना ‘राईस पुलर’च्या नादी लावलं. तांब्याचं भांडं, तांदूळ ओढतं, आत किरणोत्सारी धातू, कोट्यवधींना जाईल म्हणे. दीड एकर ऊस गहाण पडला. जून 2021 मध्ये बोकारोत पकडलेलं ‘युरेनियम’ही तपासणीत युरेनियम निघालं नाही.

कृष्णाकाठची
मामांचं ऐकून वाईट वाटलं. पण दहातले नऊ सौदे खोटे म्हणून दहाव्याकडं काणाडोळा करायचा का? वेल्डिंग तपासायच्या कॅमेऱ्यात किरणोत्सारी इरिडियम-192 असतं, कॅमेरा उचलून नेता येतो. तो कुठं आहे याचा हिशेब रोज लागायला हवा.

कुपवाडचा भंगारवाला
हिशेबाचं पटलं. बंदोबस्ताचं नाही, कारण पोलीस माल गेल्यावर येतात. परवा काट्यावर शिशाचं डबडं आलं, हाताएवढं, वजन भरलं अकरा किलो. पोऱ्या छिन्नी घेऊन बसलासुद्धा होता. मी हात धरला. कुठं किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह आहे का बघितलं, गंजानं काहीच वाचता येईना. आता ते पत्र्याच्या मागं लांब ठेवलंय, ओळखीच्या तुरेकरांना फोन केलाय. इथं कुणाकडं किरणं मोजायचं मीटर असेल तर आजच सांगा.