बी विंगमधला पहाटेचा आवाज नेमका कुणाचा?

बी-३०२ काकू: सर्वांना नमस्कार. आज पण पहाटे पाचच्या आधीच सुरू झालं. डक्टमधून आवाज सरळ आमच्या बेडरूममध्ये येतो. ह्यांना बीपी आहे, सगळ्यांना माहीत आहे. कबुतरांच्या जाळीच्या वेळी मीच वाईट ठरले होते म्हणून इतके दिवस बोलले नाही. आता बास.

अण्णा ए विंग: टाकी कधी धुणार?

आक्का बी-१०४: कसला आवाज? मी रोज पाचला उठतो, मला काय ऐकू येत नाही.

बी-३०२ काकू: तुमचा मिक्सर चालू असतो, कसं येईल ऐकू.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको 🙏 काकू, आवाज कशाचा?

बी-३०२ काकू: पक्ष्याचा. बी-२०२ ची गॅलरी. मी कुणाचं नाव घेत नाही.

बंटी: नाव सोडून फ्लॅट नंबर पण दिला की काकू 😂

बी-२०२ वहिनी: काकू, आमच्याच बटेर आहेत. ओंकारनं पाळल्यात. पाचातला एकच नर ओरडतो, माद्यांचा आवाज दाराबाहेर पण जात नाही. एक मजला खाली येऊन सांगितलं असतंत तर तेव्हाच बघितलं असतं. ग्रुपवर कशाला?

बंटी: पाच म्हणजे एका माणसाचं पण होत नाही. तांबडा-पांढरा मी करतो, आणखी दहा कोण आणतंय?

मामा तळमजला: बंट्या, पोरगं आईच्या फोनवर ग्रुप वाचतंय. अक्कल आहे का?

बंटी: सॉरी भावा ओंकार. गंमत केली.

ए-२०३: मुळात लावे पाळणं गुन्हा नाही का? वन खात्याला कळवलं तर दंड सोसायटीला पण होऊ शकतो. सेक्रेटरींनी बघावं.

अण्णा ए विंग: टाकी कधी धुणार? तिसऱ्यांदा विचारतोय.

डॉक्टरसाहेब सी-१०१: ए-२०३, उसाच्या फडात नाहीतर माळावर दिसतो तो रानातला लावा. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो धरायचा नाही. ही जपानी बटेर. १९७४ साली कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणली, तिथून देशभर फार्मवर गेली. आमच्या नोकरीत आम्हीच शेतकऱ्यांना पाळायला सांगायचो. हे कोंबडीसारखं धरा.

ए-२०३: मी फक्त विचारलं. माहिती विचारणं पण चूक आहे का या ग्रुपवर?

मामा तळमजला: एक सांगू का, बटेर माणसाळत नाही. कबुतर चार गावं फिरून घरी येतं. बटेर दार उघडं दिसलं की गेलीच. नाद करायचा तर कबुतराचा.

बी-३०२ काकू: झालं, आले कबुतरांवर.

मामा तळमजला: येणारच. २०१९ च्या महापुरात याच गच्चीवर माझ्या खुराड्याला टेकून अर्धी बिल्डिंग बसली होती. तेव्हा कुणाला वास आला नाही.

सेक्रेटरी: मामा, तो विषय संपलाय. मिनिट्स बुकात आहे.

बी-२०२ वहिनी: (ओंकार टाइप करतोय) मामा, बटेर कबुतरासारखी सोडून परत येत नाही हे खरं. पण हातावर येते. आणल्यावर मी हात घालतच नव्हतो, पिंजऱ्याशेजारी बसून नुसता अभ्यास करायचो. मग रोज त्याच वेळेला हात आत जमिनीला टेकवून ठेवायचा, हलवायचा नाही, तळव्यावर मीलवर्म, म्हणजे खायच्या अळ्या. वरनं हात आणला की त्यांना घार आल्यासारखं वाटतं, म्हणून बाजूनं, खालनं. मागं लागून धरलं की आठवडाभराची मेहनत गेली. आता तपकिरी मादी माझ्या अंगठ्यावर पाय देऊन उभी राहते आणि बोटावरचा तीळ दाणा समजून टोचत बसते. निघत नाही म्हणून मान वाकडी करून बघते आणि परत टोचते.

आक्का बी-१०४: अगं बाई. व्हिडिओ टाक की.

बी-३०२ काकू: व्हिडिओ नंतर. पहाटेचं काय? आणि रात्री धप्प धप्प होतं ते?

बी-२०२ वहिनी: (ओंकारच) ते आमचं नाही काकू. बटेर दचकली की सरळ वर उडते, डोकं फुटतं. म्हणून पिंजरा फूटभरच उंच केलाय, वर जाळीऐवजी जुनी चादर ताणलीय. आपटली तरी आवाज येत नाही.

आक्का बी-१०४: धप्प धप्प बंटीची जिम.

बंटी: मी कुठं आलो मधेच 😭

सी-२०४: आमच्या पिल्लूला पण हवीत. ओंकार, पिल्लं सोपी का मोठी?

डॉक्टरसाहेब सी-१०१: पिल्लू लवकर माणसाळतं, पण जगवायला अवघड. सात-आठ ग्रॅमचा जीव. पहिल्या आठवड्यात ३५ अंशाच्या वर ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर उथळ पाण्यात पण बुडून मरतात. आणि एकटं कधी आणू नका, कळपातला पक्षी आहे. पोराला खेळणं पाहिजे असेल तर खेळणंच घ्या.

सी-२०४: ओके सर 🙏

बी-३०२ काकू: पहाटेचं काय??

अण्णा ए विंग: टाकीचं काय??

सेक्रेटरी: अण्णा, रविवारी दहा ते एक. नोटीस बोर्डावर परवाच लावलीय. लिफ्टशेजारी.

अण्णा ए विंग: मी जिना वापरतो.

डॉक्टरसाहेब सी-१०१: ओंकार, नर माद्यांपासून वेगळा ठेवलायस का?

बी-२०२ वहिनी: हो सर. माद्यांच्या डोक्यावरची पिसं उपटत होता. आक्का म्हणाल्या वेगळा ठेव.

आक्का बी-१०४: मी आपलं सहज म्हटलं होतं हां.

डॉक्टरसाहेब सी-१०१: मग ओरडणारच. माद्या दिसेनाशा झाल्या की नर जास्त हाका मारतो. शिवाय गॅलरीत तुमचा ट्यूबलाइट उशिरापर्यंत असतो. चौदा-सोळा तास उजेड मिळाला की मादी अंड्यावर येते आणि नर माजावर. उजेड कमी कर. पिसं उगवली की परत एकत्र सोड. सरळ उपाय म्हणजे नर देऊन टाक, अंड्याला नर लागत नाही.

मामा तळमजला: कागलला भाच्याच्या रानात सोय आहे. मी घेऊन जातो.

बी-२०२ वहिनी: (ओंकार) नर नाही देणार. शीळ घातली की तोच येतो. बाकीच्या फक्त खाण्यासाठी येतात.

बंटी: आपल्या घरात पण असंच आहे भावा.

बी-३०२ काकू: मग आम्ही झोपायचं कधी ते तरी ठरवा. शीळ घाला, नाहीतर सनई वाजवा.

बी-२०२ वहिनी: काकू, आजपासून रात्री पिंजरा याच्या खोलीत आत घेतो. खिडकी बंद, वर जाड कापड, सातपर्यंत काढणार नाही. गॅलरीचा लाइट आठला बंद. त्यातून ऐकू आलं तर मला फोन करा, कितीही वाजता. फक्त मला करा.

बी-३०२ काकू: बघू. आणि डक्टमध्ये वाळू पडते ती?

बी-२०२ वहिनी: ती त्यांच्या अंघोळीची. पाण्यात नाही, वाळूत लोळतात. ट्रे पण आत घेते.

ए-२०३: अंघोळ वाळूत 😮

सेक्रेटरी: धन्यवाद. विषय इथे थांबवूया. मेंटेनन्स राहिलेल्यांनी भरावा, नावं टाकत नाही.

आक्का बी-१०४: वहिनी, अंडी असली तर डझनभर ठेवा. नात आलीय.

बी-२०२ वहिनी: आठ आहेत आत्ता. पाच मिळून कोंबडीचं एक होतं, तेवढ्यात कसं भागवणार? उरलेली शुक्रवारी देते. पैसे नकोत, ताट झाकायची जाळी मात्र परत द्या. दिवाळीपासून तुमच्याकडं आहे.