सल्ला हवा: अंतराळ सराव मोहिमांच्या मानसशास्त्रावर पुण्यात बसून डिझर्टेशन होईल का?

बाकावरची_मुक्ता:
नमस्कार. एम.ए. मानसशास्त्र, दुसरं वर्ष. मंगळावर जायच्या आधी पृथ्वीवरच माणसं महिनोन्महिने कोंडून ठेवतात, त्यांच्या मनाचं काय होतं, यावर डिझर्टेशन करायचंय. गाईड मॅडमचा एकच प्रश्न: "सॅम्पल कुठून आणणार?" त्यातच एका खासगी कॅम्पची जाहिरात आली. सात दिवस 'मंगळ निवास', फी चाळीस हजार, वर प्रमाणपत्र. बाबा निम्मे पैसे द्यायला तयार आहेत. जावं का? हातात पाच महिने आहेत.

शनिवारपेठी:
चाळीस हजार कशाला घालवता? सदाशिव पेठेत दहा बाय बाराच्या खोलीत एमपीएससीची चार मुलं तीन-तीन वर्षं काढतात. बाथरूम एक, डब्याला चव एक, आणि रोज घरून फोन, "निकाल कधी?" नासावाले बघायला येतील.

रेघोट्या:
पेठकर, गर्दी आणि तोचतोचपणा मान्य. पण ती मुलं वैतागली की टपरीवर चहाला जातात. दार उघडून बाहेर पडता येत असेल तर त्याला कोंडलेपण म्हणायचं कसं? तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येईल.

मुक्ता, कॅम्पला जाऊ नका. सात दिवस तुम्ही स्वतःच उंदीर असणार, आकडे दुसऱ्याच्या हातात. त्याऐवजी आधी मार्स-५०० वाचा, मंगळ प्रवासाची नक्कल करणारा कोंडून ठेवण्याचा प्रयोग. मॉस्कोत ३ जून २०१० ते ४ नोव्हेंबर २०११, ५२० दिवस, सहा पुरुष. हो, सॅम्पल सहाचंच! तरी त्या अभ्यासाला वजन आहे, कारण त्याच माणसांची तीच मोजमापं शेवटपर्यंत घेतली. हालचाल आणि झोप मनगटावरच्या यंत्राने, मूड आणि ताण दर आठवड्याच्या प्रश्नावलीने. एकाचा तर दिवसच २५ तासांचा झाला, बाकीचे जागे आणि हा गाढ झोपलेला. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते भांडणांचं. आपसांतल्यापेक्षा बाहेरच्या नियंत्रण कक्षाशी झालेले खटके पाचपट नोंदले गेले, आणि एकूण खटक्यांपैकी ८५ टक्के फक्त दोघांनी नोंदवलेले. २०१४ चा पेपर आहे, 'प्लॉस वन'मध्ये, फुकट वाचता येतो.

गारठलेला_काका:
नियंत्रण कक्षाचं वाचून हसू आलं. मी अंटार्क्टिकात एक हिवाळा काढलाय, जनरेटर सांभाळायला. "कृपया माहिती पाठवावी" एवढ्या एका ओळीच्या मेलवर आम्ही अर्धा तास तणतणायचो. पाठवणारा बिचारा सज्जन माणूस.

आपसांत मात्र वेगळंच. २१ जूनला मिडविंटरची मेजवानी दणक्यात झाली. जुलैत चिवड्याचा डबा उघडला तर पोहे, डाळं, कढीपत्ता सगळं जागेवर, शेंगदाणे गायब. कोणीतरी रात्री एकेक वेचून खात होतं. त्यावरून चांगली शहाणीसुरती माणसं दोन दिवस एका टेबलावर जेवली नाहीत.

मुली, तू परतलेल्यांच्या मुलाखती घे. इथल्या सिमला ऑफिसातून, म्हणजे हवामान खात्यातून, बरेच जण तिकडे जाऊन आलेत.

रेघोट्या:
काका, जुलै म्हणजे निम्मा मुक्काम सरल्यानंतरचा काळ. यालाच बेक्टेल आणि बर्निंग या संशोधकांनी १९९१ मध्ये 'थर्ड क्वार्टर'चा, म्हणजे मुक्कामाच्या तिसऱ्या पावभागाचा परिणाम म्हटलं होतं. अर्धं संपलं याचा आनंद ओसरतो आणि तेवढंच अजून बाकी आहे हे टोचायला लागतं. मुक्ता, लगेच टिपून घेऊ नका. पुढच्या कित्येक अभ्यासांत तो दिसलेलाच नाही.

मुलाखती घ्या, पण वीस वर्षांनी शेंगदाणे आठवतात, मूड आठवत नाही. कोणी डायरी ठेवली असेल तर ती मागा.

दुसरा मार्ग, मला जास्त पटणारा. मंगळावर निरोप पोचायला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात. हवाईतल्या मॉना लोआ ज्वालामुखीवरच्या हाय-सीज या मंगळ-सराव निवासात म्हणूनच मुद्दाम २० मिनिटांचा विलंब ठेवत. तेवढंच उचला. कॉलेजच्या दोन खोल्या, एकीत 'दल', दुसरीत 'नियंत्रण कक्ष', मधे निरोप अडवून धरणारा एक मित्र. काम तेच, एकदा विलंबाने, एकदा थेट. कोणाला आधी विलंब, कोणाला आधी थेट, हे गटागटाने बदला. राग कोणावर निघतोय ते दर अर्ध्या तासाला लिहून घ्या. आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी, मग बाकी सगळं.

चकली_आणि_चांद्रयान:
मॅडमना हेही सांग की हे फक्त परदेशी खूळ नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला इस्रोच्या सहभागाने सराव मोहीम झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखमधल्या त्सो करला, साडेचार हजार मीटरवर, दोघं जण दहा दिवस राहिले.

बाकावरची_मुक्ता:
कॅम्प रद्द. बाबांनी पैसे मात्र परत खिशात घातले. दोन खोल्यांचं डिझाईन सोमवारी मॅडमना दाखवते. रेघोट्या, गटात चार जण पुरतील का?

रेघोट्या:
चालतील. गट मात्र निदान सहा-आठ करा, आणि एकमेकांचे मित्र एका गटात नकोत.

शनिवारपेठी:
काका, ते शेंगदाणे कोणी खाल्ले?

गारठलेला_काका:
दर वर्षी सगळे भेटतो. अजून कोणी कबूल करत नाही.